रंग बदलायचा तो डबीतला!

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या दवाखान्यात ठरावीक मंडळी येऊ लागतात. आजार काही नसतो. मुलगी मान खाली घालून बसते आणि बोलणे आईच सुरू करते. परवा अशाच एक बाई आल्या. "डॉक्टरसाहेब, पोरीचं लगन जवळ आलं. एखादी चांगली क्रीम लिहून द्या. साखरपुड्याच्या फोटोत चेहरा पार राखेसारखा आला."

फोटो पाहिला. मुलीचा वर्ण सावळा, कातडी निरोगी, तुकतुकीत. पण चेहऱ्यावर तिच्या वर्णापेक्षा कितीतरी फिकट फाउंडेशन थापलेले, त्यावर पावडर, गळा निराळ्याच रंगाचा आणि ओठांवर शेंदरी लिपस्टिक. दोष कातडीचा नव्हता, डबीचा होता. पण आपल्याकडे डबी बदलण्याऐवजी कातडीच बदलायला निघतात, आणि माझी तक्रार आहे ती हीच.

वर्ण गडद की उजळ ही एक गोष्ट, आणि त्या वर्णाखालची झाक कोणती ही दुसरी. कातडीतील मेलॅनिन, केशवाहिन्यांतील रक्त आणि थोडे कॅरोटिन यांच्या मिश्रणातून ही झाक तयार होते. काहींची झाक पिवळसर-सोनेरी असते, तिला उष्ण म्हणतात. काहींची गुलाबी किंवा निळसर असते, ती शीत. गोरी बाई उष्ण झाकेची असू शकते आणि चांगली सावळी मुलगी शीत झाकेची. आपली ही मुलगी तशीच होती.

कॅरोल जॅक्सन या अमेरिकन बाईंच्या 'कलर मी ब्युटिफुल' या 1980 सालच्या पुस्तकामुळे माणसांची ऋतूंप्रमाणे विभागणी फार लोकप्रिय झाली. वसंत आणि शरद हे उष्ण, हिवाळा आणि उन्हाळा हे शीत. होय, उन्हाळासुद्धा शीत! मे महिन्यात दुपारी चिखलीच्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला हे सांगून पाहा. शिवाय त्या हिशेबात केसांचा आणि डोळ्यांचा रंगही धरतात. आपल्याकडे बहुतेकांचे दोन्ही काळेभोर, म्हणजे सगळा बुलडाणा जिल्हा हिवाळ्यात जमा. तेव्हा ऋतूचे नाव सोडून द्या, झाक मात्र ओळखून ठेवा.

ती ओळखायला पार्लरमध्ये पैसे मोजण्याची गरज नाही. सकाळी स्वच्छ धुतलेल्या चेहऱ्याने अंगणात उजेडाला बसा, ऊन थेट तोंडावर नको. घरातल्या दोन साड्या घ्या, एक राणी रंगाची, एक केशरी. आळीपाळीने हनुवटीखाली धरा आणि साडीकडे नव्हे, चेहऱ्याकडे पाहा. राणी रंगाने चेहरा ताजा दिसला आणि केशरीने डोळ्यांखालची वर्तुळे उठून दिसली, तर झाक बहुधा शीत. पांढरेशुभ्र आणि सायीच्या रंगाचे कापड, किंवा चांदीचा आणि सोन्याचा दागिना घेऊनही हेच करता येते. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या हे पाहायला सांगतात, पण सावळ्या कातडीत ती खूण भरवशाची नाही. आणि नवरीची परीक्षा हळदीनंतर करू नका. हळदीचा पिवळेपणा धुतल्यावरही थोडा राहतो आणि प्रत्येक नवरी उष्ण झाकेची वाटते.

शीत झाकेला शोभणारे रंग सांगायला आपल्याच भाषेत शब्द आहेत. डाळिंबी, जांभळी, वांगी, आमसुली, राणी. लिपस्टिक यांतली घ्यावी. विटकरी, शेंदरी आणि नारिंगी टाळावी. काजळाला काळा किंवा गडद निळा रंग चालतो. फाउंडेशन मात्र वर्णाइतकेच गडद हवे, आणि त्यात पिवळ्यापेक्षा गुलाबी झाक असलेले. ते हाताच्या पाठीवर न लावता जबड्याच्या कडेला लावा, दहा मिनिटे थांबा आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखालून रस्त्यावर येऊन आरशात पाहा. गळ्याशी मिसळून दिसेनासे झाले तर तो तुमचा रंग. दुकानातली नमुन्याची लिपस्टिक थेट ओठांना लावू नका. आधीच्या गिऱ्हाइकाच्या ओठावर नागीण-जातीचे पुरळ असेल तर तो संसर्ग तुम्हाला होऊ शकतो.

आता क्रीमविषयी. 2023 च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती, ती पुष्कळांना आठवत असेल. एक तरुणी, तिची आई आणि बहीण, तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार. तिघी एकच उजळपणाची क्रीम वापरत होत्या आणि मुंबईत झालेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा सापडला. पारा मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून कातडी उजळते. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीला इजा करतो. केरळात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी अशाच विकाराचे 15 रुग्ण तपासले, तेव्हा त्यांपैकी 13 जण उजळपणाची क्रीम लावणारे निघाले. अकोला आपल्यापासून किती लांब आहे?

दुसरा धोका स्टेरॉइडच्या मलमांचा. मोमेटासोन किंवा बिटामेथासोन असलेली ट्यूब चिठ्ठीशिवाय विकायची नाही म्हणून 2018 साली सरकारने अशी 14 औषधे 'शेड्यूल एच'मध्ये घातली. तरी ती मागून घेतली जाते. पंधरा दिवस चेहरा उजळतो, पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरमे उठतात, गालावर केस येतात. 'फेअर अँड लव्हली'चे नाव 2020 साली बदलून 'ग्लो अँड लव्हली' झाले. स्थळ पाहायला येणाऱ्यांच्या तोंडचा 'गोरी' हा शब्द मात्र अजून तसाच आहे आणि या ट्यूबा त्याच्याच जिवावर खपतात.

घरात बिननावाची, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसलेली, किंवा 'मर्क्युरी' अथवा 'कॅलोमेल' लिहिलेली डबी असेल तर वापर आजच थांबवा आणि डबी पिशवीत बांधून डॉक्टरांकडे न्या. पायावर किंवा डोळ्यांखाली सूज असेल, लघवीला फेस येत असेल तर लघवीची तपासणी लगेच करून घ्या. स्टेरॉइडचे मलम कित्येक महिने लावले असेल तर ते मनाने एकदम बंद करू नका, चेहरा भडकतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून बंद करा.

त्या बाईंना मी चिठ्ठीवर उन्हापासून संरक्षणाचे मलम लिहून दिले आणि खाली डाळिंबी लिपस्टिक. त्या चिठ्ठीकडे पाहत राहिल्या. "हे मेडिकलमध्ये मिळते का?" त्यांनी विचारले. मुलगी मात्र पहिल्यांदाच मान वर करून हसली.