गुण छापायचे तर सगळ्यांचे छापा



मार्च महिना आला की आमच्या पार्सिपनीत दोन गोष्टी ठरलेल्या. रूट ४६ च्या कडेला साचलेला बर्फ काळा पडायला लागतो आणि ऑफिसाऑफिसांत कॉलेज बास्केटबॉलच्या तक्त्यांवर पाच-पाच डॉलर लागतात. आपली मंडळीही हौसेने लावतात. ज्या कॉलेजांची नावं एरवी ऐकलेलीसुद्धा नसतात त्यांच्यावर लावतात. आणि मग शनिवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये, भेळेच्या ताटल्या हातात घेऊन, टीव्हीकडे बघत कुणीतरी ते वाक्य टाकतंच. यंदा ते एका सद्गृहस्थांनी टाकलं. माणूस सज्जन आहे, आपल्या सगळ्या उपक्रमांना देणगी देतो. म्हणाले, "हे म्हणजे यांचं आरक्षणच की हो! आपल्या मुलांनी पंधराशे साठ आणून वेटलिस्टवर बसायचं आणि हे चेंडू आपटत आत जाणार."

सगळे हसले. मीही कसनुसा हसलो, आणि त्याची लाज वाटून हे लिहितो आहे.

या वाक्याला आधार असतो तो वर्तमानपत्रांचा. 'पेपरातच तर आलंय!' तेव्हा पेपरात काय आलं होतं ते नीट पाहू या. २००८ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हार्वर्डच्या बास्केटबॉल संघावर एक मोठी बातमी छापली. टॉमी अमाकर हे नवे प्रशिक्षक आदल्या वर्षी आले होते, आणि त्यांनी आणायला घेतलेल्या मुलांची शैक्षणिक पातळी पूर्वीपेक्षा खाली गेली आहे का, असा तिचा रोख होता. आयव्ही लीगमध्ये खेळाडूंसाठी 'अकॅडेमिक इंडेक्स' नावाचा एक आकडा असतो. चाचण्यांचे गुण आणि शाळेतली कामगिरी एकत्र करून तो काढतात. त्या काळी कमाल २४० आणि किमान १७१, त्याखाली प्रवेश नाही. नवी मुलं या उंबऱ्याच्या किती जवळ आहेत, यावर ती सगळी चर्चा. आपल्याकडे ती बातमी किती आनंदाने एकमेकांना पाठवली गेली ते मला चांगलं आठवतं. पुढे आयव्ही लीगने चौकशी केली आणि नियमभंग झाला नसल्याचा निर्वाळा दिला. तो मात्र मला कुणी पाठवला नाही.

आता एक साधा प्रश्न. हा इंडेक्स फक्त बास्केटबॉलवाल्यांना लागतो का? नाही. नावा वल्हवणारे, स्क्वॉश खेळणारे, तलवारबाजी करणारे, शिडाच्या होड्या हाकणारे हेही 'रिक्रूट' होतात. हार्वर्डवरचा खटला २०१८ मध्ये बोस्टनच्या कोर्टात उभा राहिला तेव्हा विद्यापीठाची आतली कागदपत्रं बाहेर आली. त्यांवरून अर्थतज्ज्ञ पीटर अर्सिडियाकोनो आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक निबंध लिहिला. त्यातली दोन वाक्यं आपल्या बेसमेंटांत फ्रेम करून लावावीत अशी आहेत. रिक्रूट केलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळतो. आणि प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, अध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं किंवा डीनच्या खास यादीतले असतात. काळ्या, हिस्पॅनिक आणि आशियाई विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण प्रत्येकी १६ टक्क्यांच्या आत. म्हणजे मागचं दार आहेच, आणि चांगलं रुंद आहे. फक्त त्यातून जाणारे बहुतेक जण उंच, काळे आणि चेंडू आपटणारे नाहीत. स्क्वॉशच्या रॅकेटी आणि वल्ह्यांचीच तिथे जास्त गर्दी आहे.

स्क्वॉशवाल्या मुलाचे सॅटचे गुण कधी पेपरात वाचलेत? मी नाही वाचले. बास्केटबॉलवाल्यांचे वाचलेत. १९८५ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या एका खेळाडूचे १६०० पैकी ४७० गुण एका खटल्यात उघड झाले, आणि तो आकडा आयुष्यभर त्याच्या नावाला चिकटला. तेव्हा त्याचं वय विशीच्या आतबाहेर. त्याला प्रवेश देणाऱ्या कार्यालयातल्या एकाही माणसाचं नाव आज कुणाला आठवत नाही.

२०१९ चं 'व्हर्सिटी ब्लूज' प्रकरण आठवा. धनाढ्य आईबापांनी लाखो डॉलर मोजून मुलांना खोटे नावाडी, खोटे वॉटरपोलोपटू बनवलं. फोटोंवर करामती करून पोरांची डोकी दुसऱ्यांच्या धडांवर बसवली. ते शक्य झालं, कारण या खेळांकडे कुणाचं लक्षच नव्हतं. बास्केटबॉलमध्ये असं खोटं फार दिवस टिकत नाही. चेंडू जाळीत जात नाही हे पहिल्याच सरावात कळतं!

आणि आपण? न्यू जर्सीतल्या तलवारबाजीच्या आणि स्क्वॉशच्या क्लबांच्या पार्किंगमध्ये शनिवारी सकाळी उभे राहा. मराठी ऐकू येईल. 'अप्लिकेशनला बरं असतं' हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे, आणि खरं सांगायचं तर आमच्या घरातही ते उच्चारलं गेलं आहे. त्यात गुन्हा काही नाही. पण मग दुसऱ्याच्या मुलाच्या खेळाला 'आरक्षण' म्हणून नाक मुरडू नये, एवढं तरी?

इथे माझे काही पुरोगामी मित्र दुसऱ्या टोकाला जातात. त्यांच्या मते ही सगळी छाननीच वर्णद्वेषी, तेव्हा ती बंद व्हावी. हेही मला मान्य नाही. छाननी हवीच. ती कुणाची व्हावी, हा प्रश्न आहे.

१९९९ मध्ये सेंट पॉल पायोनियर प्रेसच्या जॉर्ज डोरमन यांनी मिनेसोटा विद्यापीठाचं प्रकरण बाहेर काढलं. तिथल्या एका कर्मचारी बाईंनी बास्केटबॉल खेळाडूंसाठी काही वर्षांत सुमारे ४०० निबंध आणि गृहपाठ लिहून दिले होते. बातमी छापली गेली ती संघाच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या सामन्याच्या आदल्या दिवशी. राज्यभर लोक खवळले, ते बहुतेक पेपरवरच. गव्हर्नर जेसी व्हेंचुरा यांनीही पेपरलाच झोडपलं. पुढच्या वर्षी त्या बातमीला पुलित्झर मिळालं.

नॉर्थ कॅरोलायनाचं प्रकरण याहून मोठं. २०११ पासून न्यूज अँड ऑब्झर्व्हरचे डॅन केन एका विभागातल्या कागदी अभ्यासक्रमांचा पाठपुरावा करत होते. वर्ग भरत नाहीत, शिक्षक दिसत नाहीत, शेवटी एक निबंध द्यायचा आणि 'ए' किंवा 'बी' घेऊन जायचं. विद्यापीठ विद्यार्थ्यांच्या गोपनीयतेच्या कायद्याआड लपत राहिलं. २०१४ च्या वेनस्टीन अहवालात आकडा आला. १८ वर्षांत ३१०० च्या वर विद्यार्थी, त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू. आणि शिक्षा? २०१७ मध्ये एनसीएएने सांगितलं की हे वर्ग खेळाडू नसलेल्यांनाही खुले होते, त्यामुळे खेळाडूंना खास सवलत दिली असं म्हणता येत नाही. म्हणजे सगळ्यांनाच फसवलंत, तर तुम्ही निर्दोष. असला निकाल आपल्याकडच्या एखाद्या चौकशी आयोगाने दिला असता तर आपण वर्षभर विनोद केले असते.

या दोन्ही ठिकाणी लुबाडलं गेलं कोण? आपल्या शनिवारच्या मंडळींच्या मते हुशार मुलं, ज्यांच्या जागा गेल्या. मला दिसतो तो खेळाडू. त्याने चार वर्षं दिली, गुडघे दिले, विद्यापीठाला टीव्हीचा पैसा मिळवून दिला आणि बदल्यात जे शिक्षण कबूल केलं होतं तेच त्याला बनावट मिळालं. २००५ मध्ये टाइम्सने मायामीतल्या एका पत्राचार शाळेची बातमी दिली होती, ३९९ डॉलरमध्ये डिप्लोमा देणारी. ना वर्ग, ना शिक्षक. अशा शाळेचा रस्ता सोळा-सतरा वर्षांच्या पोराला दाखवतं कोण? ज्याला तो मैदानावर हवा असतो तो.

हे ऐकून आपण 'काय हा देश' म्हणणार असू, तर जरा लातूर-पुण्याकडे पाहू. नाव एका ज्युनिअर कॉलेजात, दिवसभर बसायचं खासगी क्लासमध्ये, आणि हजेरी कागदावर. या 'इंटिग्रेटेड' व्यवस्थेला आवर घालायला महाराष्ट्र सरकारला २०१८ मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. त्याही आधी, १९८३ पासून, विनाअनुदानित कॉलेजांत पैसे मोजून जागा घेतलेले कितीतरी जण आज आपल्यातच सन्मानाने वावरत आहेत. त्यांना 'मागच्या दाराचे' म्हटलेलं मी कुठल्याही बेसमेंटमध्ये ऐकलेलं नाही.

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. १९८६ च्या फेब्रुवारीत अटलांटाच्या कोर्टात जॅन केम्प या शिक्षिकेने जॉर्जिया विद्यापीठाविरुद्धचा दावा जिंकला. खेळाडूंना नापास असताना पुढे ढकलतात, अशी तक्रार केली म्हणून विद्यापीठाने तिला काढलं होतं. ज्युरीने २५ लाखांहून जास्त डॉलरची भरपाई ठरवली (पुढे ती कमी झाली) आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांना जावं लागलं. त्यानंतर काही आठवड्यांतच, मार्चमध्ये, मुंबईत मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकरांना राजीनामा द्यावा लागला. मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेत त्यांच्या मुलीच्या गुणांत फेरफार झाल्याचं प्रकरण एका डॉक्टरने उच्च न्यायालयात नेलं होतं आणि न्यायालयाने ताशेरे ओढले होते. दोन्हीकडे रोख सत्तेकडे होता. दोन्हीकडे खुर्ची गेली. छाननी म्हणतात ती ही.

उलट, 'दर्जा वाढवू' म्हणून खेळाडूंच्याच डोक्यावर चाचणी ठेवली की काय होतं? एनसीएएने १९८३ मध्ये प्रपोझिशन ४८ मंजूर केलं. ते १९८६ पासून लागू झालं आणि सॅटला ७०० ची अट आली. पुढे प्रपोझिशन ४२ ने त्या अटीत न बसणाऱ्यांची शिष्यवृत्तीही काढायचं ठरवलं, तेव्हा जॉर्जटाउनचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन १९८९ च्या जानेवारीत सामना सुरू होता होता मैदान सोडून चालते झाले. अट पुढे बदलत बदलत सैल झाली आणि २०२३ च्या जानेवारीत चाचणीच काढून टाकली गेली. पण नॉर्थ कॅरोलायनाचे कागदी वर्ग भरले (की न भरले!) ते चाचणीच्या अटी चालू असतानाच. चाचणी मुलाला लागते, विद्यापीठाला लागत नाही.

आता घरचा विषय. रटगर्समध्ये आपली मुलं वर्गच्या वर्ग भरून जातात. तिथे १९९० च्या दशकात काही प्राध्यापक, विद्यार्थी आणि माजी विद्यार्थ्यांनी 'रटगर्स १०००' नावाची मोहीम काढली होती, की हा धंदेवाईक खेळ आम्हाला नको. इंग्रजीचे प्राध्यापक विल्यम डाउलिंग पुढे होते. माजी विद्यार्थी मिल्टन फ्रीडमन यांनीही पाठिंबा दिला (हे गृहस्थ एरवी आपल्या पंगतीतले नव्हेत). विद्यापीठाच्या मासिकाने त्यांची जाहिरात नाकारली, तेव्हा ते कोर्टात गेले आणि जिंकले. पण लढाई हरले. २००६ मध्ये विद्यापीठाने टेनिस, पोहणं, तलवारबाजी, नौकानयन यांचे सहा संघ बंद करायचं जाहीर केलं आणि दोन वर्षांनी फुटबॉलचं स्टेडियम वाढवायला १० कोटी २० लाख डॉलर मंजूर केले. २००८ मध्ये स्टार-लेजरने क्रीडाविभागातले छुपे व्यवहार बाहेर काढले, क्रीडासंचालक गेले. २०१३ मध्ये बास्केटबॉलचा प्रशिक्षक खेळाडूंना चेंडू फेकून मारतो, शिव्या देतो, याची चित्रफीत ईएसपीएनने दाखवली. विद्यापीठाच्या वरिष्ठांना ते महिनोन्महिने आधी ठाऊक होतं. त्याच वर्षी क्रीडाविभागाची तूट भरायला विद्यापीठाच्या निधीतून आणि विद्यार्थ्यांच्या फीमधून सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर गेले. यातलं काही तुमच्या खिशातून गेलं आहे. पंधराशे साठवाल्यांच्या बापांच्या खिशातूनही.

२०२४-२५ च्या हंगामात रटगर्सकडे देशातले दोन अव्वल नवखे खेळाडू होते. संघ १५ सामने जिंकून १७ हरला आणि ते दोघे एका वर्षात एनबीएत निघून गेले, दुसऱ्या आणि पाचव्या क्रमांकावर. त्यांचं मी अभिनंदनच करतो. २०२५ च्या जूनमध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. कमावणाऱ्याला वाटा मिळतो आहे, हे चांगलंच. पण त्याबरोबर एक प्रश्न पेपरांतून गुपचूप नाहीसा झाला. कोण कुठे किती कोटींना गेला ते रोज येतं. त्या मुलाला कुठला विषय शिकवला जातो, वर्ग खरा आहे की कागदी, हे कोण विचारतं? आणि विचारणार तरी कोण? २००८ ची ती बातमी काढणाऱ्या स्टार-लेजरची छापील आवृत्ती २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली. त्याच सुमाराला जर्सी सिटीचा जर्सी जर्नल पूर्णच मिटला.

तेव्हा पुढच्या शनिवारी ते वाक्य आलं की मी हसणार नाही. मी त्या सद्गृहस्थांना विचारणार आहे की मुलीच्या रटगर्सच्या टर्म बिलावरची फीची ओळ त्यांनी वाचली आहे का, आणि त्यातला खेळाकडे जाणारा हिस्सा किती, हे विद्यापीठाच्या बोर्ड ऑफ गव्हर्नर्सना विचारणाऱ्या पत्रावर ते सही करतील का. पत्राचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. सह्या सध्या चार आहेत, त्यांतल्या दोन आमच्याच घरातल्या.