आजीच्या ताटातलं वरण

वरण थोडा वेळ तसंच राहिलं की पिवळं पाणी वर येतं आणि डाळ तळाशी बसते. आपल्याकडे कित्येक घरांत ते वरचं पाणी म्हाताऱ्या माणसाच्या मऊ भातावर पडतं आणि तळ ढवळून काढलेली घट्ट डाळ शाळकरी नातवाच्या ताटात जाते. वाढणारीच्या मनात काही वाईट नसतं. ‘त्यांना पचत नाही’, ‘या वयात हलकंच बरं’ असं ती मायेनेच म्हणते. पण याच मायेपायी घरातली म्हातारी माणसं अंथरुणाला जवळ होत चालली आहेत, हे स्पष्ट सांगायला हवं.

माझ्या ओळखीतल्या एका आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, वजन पन्नास किलोच्या आसपास. सकाळी चहा आणि दोन मारी बिस्किटं, नऊला पेज, दुपारी मऊ भात नि वरणाचं पाणी, चारला पुन्हा चहा-बिस्किटं, रात्री थोडा दूधभात. पोट भरतं, तक्रार नसते. हिशेब मांडला तर दिवसभराची प्रथिनं वीस-बावीस ग्रॅमच्या वर जात नाहीत. पूर्वी त्या गुडघ्यावर हात टेकून पाटावरून उठत. मग भिंत धरून उठू लागल्या. मग पाट गेला, खुर्ची आली. आता खुर्चीतून उठायलाही दोन हात लागतात. रात्री लघवीला जायचं तर सुनेला उठवावं लागतं, म्हणून त्या संध्याकाळी सहानंतर पाणीच पीत नाहीत.

‘वयच झालं’ म्हणून आपण हे सोडून देतो. वयाबरोबर स्नायू झिजतात हे खरं. वैद्यकात त्याला सार्कोपेनिया म्हणतात. पण त्या झिजेला उपासमारीची जोड आपण देतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं ठरवली आहेत. पासष्टीपुढच्या माणसांना मात्र १ ते १.२ ग्रॅम हवीत, असं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये सांगितलं. म्हातारा स्नायू तेवढ्याच घासातून तरुण स्नायूपेक्षा कमी घेतो, म्हणून त्याला जास्त द्यावं लागतं. म्हणजे या आजींना किमान पन्नास ग्रॅम हवीत. भूक कमी झाली म्हणजे गरज कमी झाली असं नाही; तिथेच आपण चुकतो.

आजारपणात तर हे फार महागात पडतं. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तेव्हा एकट्या पायांतून किलोभर मांस गेलं. आपल्याकडे ताप आला, हाड मोडलं की नेमकी त्याच दिवसांत साबुदाण्याची नाहीतर तांदळाची पेज सुरू होते. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. माणूस बरा होतो, पण पुन्हा चालता होत नाही.

औषधाच्या दुकानातून महागडा पावडरचा डबा आणून उशाशी ठेवणं हाही उपाय नव्हे. बोस्टनच्या वृद्धाश्रमातल्या शंभर जणांवरचा अभ्यास १९९४ मध्ये छापून आला. त्यांचं सरासरी वय सत्याऐंशी होतं. दहा आठवडे ताकदीचा व्यायाम केलेल्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून वाढली. नुसतं पोषक पेय घेतलेल्यांना फरक पडला नाही. खाणं आणि हालचाल बरोबरच हवी. रोज खुर्चीतून दहा वेळा उठबस, सुरुवातीला कुणाचा हात धरून का होईना, इथून आरंभ करता येतो.

आणि खायला वेगळं काही आणावं लागत नाही. कवळी नसलेल्या तोंडालाही पिठलं जातं, आणि वाटीभर बेसन-पाण्याच्या त्या पिठल्यात आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं असतात. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात तेवढीच. मऊ शिजवलेली मुगाची उसळ आहे, दह्यात कालवलेलं दाण्याचं कूट आहे, काटे काढलेला मासा आहे. एकादशी मोडा असं कोणी म्हणत नाही. खिचडीबरोबर दूध, दही, दाणे उपासालाही चालतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

हे झालं ज्यांच्या पातेल्याच्या तळाशी डाळ आहे त्यांचं. एकट्या राहणाऱ्या, रेशनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पातेल्यात ती असतेच कुठे? माणशी पाच किलो फुकट धान्य मिळतं, ते मुख्यतः तांदूळ आणि गहू. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार रुपये औषधं आणि वीजबिलात जातात. करोनाच्या काळात, एप्रिल ते नोव्हेंबर २०२०, याच रेशन दुकानांतून कुटुंबामागे महिन्याला किलोभर डाळ किंवा हरभरा दिला जात होता. म्हणजे तशी व्यवस्था करता येते, हे सरकारनेच दाखवून दिलं आहे. साठीपुढच्या प्रत्येक रेशनधारकाला महिन्याला एक किलो डाळ मिळालीच पाहिजे.