नेवऱ्यांचा डबा

दिवाळीच्या अंकात भुतांचे नाव काढावे की नाही, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. सौ.चे म्हणणे असे की, लक्ष्मी घरात यायच्या वेळी हे अभद्र हवे कशाला? पण वाचकहो, भुताविना दिवाळी अंक म्हणजे मिठाविना चिवडा. आमच्या लहानपणी अंक घरात आला की आम्ही भावंडे आधी गूढकथेचे पान शोधीत असू. पुढे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी तर आमची अशी अवस्था केली की, रात्री मोरीत जायलाही सोबत लागावी. तेव्हा सौ.ची क्षमा मागून सांगतो, यंदाचा विषय भुताचाच आहे. निदान सुरुवात तरी भुतापासून आहे.

गणपतीच्या दिवसांत आमच्या इमारतीतली निम्मी दारे कुलूपबंद असतात. विरार-नालासोपाऱ्यात मालवणी माणूस मोप, आणि चतुर्थी आली की तो गावी पळतो. आम्ही जात नाही. का जात नाही, ते पुढे येईलच. यंदा आमची नात सुट्टीला आमच्याकडे आली होती. पोर अकरावीत आहे. पहिल्याच रात्री अकराच्या सुमारास पाहतो तो बैठकीच्या खोलीत काळोख, आणि त्या काळोखात मोबाईलच्या उजेडात उजळलेला तिचा चेहरा. मी दचकलोच.

"काय पाहतेस?"

"हिगुराशी. आजोबा, तुम्हाला झेपायचं नाही."

असे कोणी म्हटले की मी हटकून बसतो. तसा बसलो.

ही एक जपानी चित्रमालिका आहे. माणसे चितारलेली, डोळे बशीएवढे, आणि पहिली दहा मिनिटे शाळकरी पोरांच्या थट्टामस्करीची. मला वाटले, हे तर बालवाडीचे प्रकरण! हिगुराशी म्हणजे तिन्हीसांजेला झाडावर बसून ओरडणारा एक किडा. त्याचा आवाज सगळ्या गोष्टीला पार्श्वसंगीतासारखा व्यापून असतो. गोष्ट आहे 1983 सालच्या जून महिन्यातली. हिनामिझावा नावाच्या डोंगरातल्या आडगावी केइची नावाचा एक शहरी मुलगा राहायला येतो. गाव गोड, मैत्रिणी गोड. मग हळूहळू त्याला कळते की, या गावावर काही वर्षांपूर्वी धरण येणार होते, गावाने ते लढून परतवले, आणि तेव्हापासून दरवर्षी जत्रेच्या रात्री एक माणूस मरतो व एक नाहीसा होतो. गावकरी म्हणतात, ग्रामदेवाचा कोप. मैत्रिणींना विचारावे तर त्या विषय बदलतात.

र्‍यूकिशी या लेखकाने ही गोष्ट 2002 साली संगणकावर वाचायच्या खेळाच्या रूपाने काढली, आणि 2006 साली तिची मालिका झाली. गाव काल्पनिक, पण त्याचे रूप घेतले आहे गिफू प्रांतातल्या शिराकावा-गो या खऱ्या गावावरून. उभ्या उतरत्या गवती छपरांची ती घरे 1995 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. त्याच नदीच्या वरच्या अंगाला मिबोरो नावाचे धरण 1961 साली पुरे झाले, त्यात खरोखरीच वस्त्या बुडाल्या. बुडणाऱ्या गावातली चेरीची दोन म्हातारी झाडे मुळांसकट उपटून वर काठावर नेऊन लावली, ती जगली. हे वाचून मला आमच्या नळाची आठवण झाली. आम्ही विरारकर पाण्याचा टँकर उशिरा आला तर महापालिकेच्या नावाने खडे फोडतो. पण सूर्या धरणासाठी ज्या आदिवासींची घरे गेली, त्यांची झाडे कोठे गेली, हे आमच्यापैकी कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही. असो. हा विषय निराळा.

"अहो, हे तर आपलं रात्रीस खेळ चालेच की!" दुसऱ्या रात्री सौ. हातात वाटाण्याच्या शेंगांचे ताट घेऊन येऊन बसल्या आणि म्हणाल्या.

त्यांचे काही चुकले नाही. 2016 च्या फेब्रुवारीत झी मराठीवर ती मालिका सुरू झाली तेव्हा रात्री साडेदहाला आमच्या इमारतीत सामसूम होई. कुडाळ तालुक्यातले आकेरी गाव, तिथला नाईकांचा वाडा, अण्णांचा मृत्यू आणि त्यानंतर एकत्र जमलेले कुटुंब. पुढे 2019 साली दुसऱ्या पर्वात माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता आली, तेव्हा तर लोक गाड्या करून तो वाडा पाहायला जाऊ लागले. गावाकडच्या आमच्या एका नातलगांना ते मुळीच रुचले नाही. "आमच्या गावांका भुतांचा बाजार करून ठेवल्यानी," असे ते फोनवर करवादत. मला मात्र त्या मालिकेतली भुते फारशी भिववीत नसत. भिववीत ती माणसे. एकाच छपराखाली जेवणारी, एकमेकांच्या ताटाकडे संशयाने पाहणारी. दहाव्या-बाराव्या भागानंतर मी काहीतरी निमित्त काढून आतल्या खोलीत जाऊन पडू लागलो. सौ.ना वाटे, मला झोप येते.

जपानी मालिकेत मात्र उठून जाणे जमले नाही, कारण नात शेजारी होती.

आता रहस्य फोडतो. ज्यांना पाहायची आहे त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा. आणि पाहायची असल्यास बाळगोपाळांना दूर ठेवूनच पाहावी, रक्तपात फार आहे.

केइची आजारी म्हणून घरी असतो. दोघी मैत्रिणी त्याच्यासाठी ओहागी घेऊन येतात. ओहागी म्हणजे चिकट भाताचा गोळा आणि वर गोड पुरणाचा लेप. तो घास घेतो आणि त्याच्या तोंडात सुई लागते. सुई! मग त्याला प्रत्येक दारामागे मारेकरी दिसू लागतो, आणि शेवटी तो स्वतःच त्या दोघींचा जीव घेतो. मालिकेची तऱ्हा अशी की, तोच जून महिना पुन्हा पुन्हा नव्याने घडतो. पुष्कळ भागांनंतर आपल्याला कळते की, त्या गोळ्यात सुई नव्हतीच. पोरींनी थट्टेने तिखटजाळ रस घातला होता. देव नव्हता, कोप नव्हता. एक मुलगा होता, त्याला संशय आला होता, आणि त्याने कोणाला काही विचारले नाही.

मी उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

1973 साली मी दहा वर्षांचा होतो. वडील चर्चगेटकडच्या एका कचेरीत कारकून, आणि आम्ही विरारला दोन खोल्यांच्या चाळीत. गावच्या घरी माझी काकी एकटी राहत असे. काका लवकर गेले, मूलबाळ नाही. आमचे गाव आज सिंधुदुर्गात येते. तेव्हा तो रत्नागिरी जिल्हाच होता. त्या मे महिन्यात आम्ही गावी जाऊन आलो आणि आल्यावर मला ताप भरला. तो महिनाभर हटेना. डॉक्टरांचे औषध चालू होतेच. पण शेजारणीने आईला एका भगताकडे नेले. त्याने तांदूळ मांडले, मला मिरच्यांची धुरी दिली आणि सांगितले, "घरातलीच बाई आहे. एकटी राहते."

बाकीचे आईने स्वतःच जुळवले. काकीने माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटे मोडली होती. काकी तिन्हीसांजेला माडाखाली उभी असे. निघताना काकीने माझा जुना सदरा ठेवून घेतला होता. एकदा जुळवायला घेतले की सगळे जुळते!

ताप उतरला. दिवाळी आली. गावाहून येणाऱ्या एका गाववाल्याबरोबर काकीने फराळाचा डबा धाडला. तो स्टेशनाजवळ उतरला होता, त्याच्याकडून डबा आणायला मला पिटाळले. फडक्यात बांधलेला पत्र्याचा डबा. आत नवे पोहे आणि नेवऱ्या. देशावर ज्यांना करंज्या म्हणतात, त्या. वाटेत मी फडके सोडले, दोन नेवऱ्या खाल्ल्या आणि गाठ होती तशी मारून घरी आलो.

आईने डबा उघडला. पोह्यांच्या तळाशी कागदाची पुडी निघाली, तीत हळदकुंकू आणि चार अक्षता. देवळातला प्रसाद, दुसरे काय असणार? पण आई मागे सरली. "तिच्या हातचा काय एक खावचा नाय," ती म्हणाली. वडील सुशिक्षित माणूस. ते काही बोलले नाहीत. त्यांनी डबा उचलला, अर्नाळ्याची बस पकडली आणि तो समुद्रात सोडून आले.

मी तेव्हा बोललो असतो तर? "मी दोन खाल्ल्या, मला काही झालं नाही," एवढेच तर सांगायचे होते. पण आधी माराचे भय, आणि त्याहून मोठे भय त्या मिरच्यांच्या धुरीचे. आई मला पुन्हा भगताकडे नेणार, हे नक्की होते. महिन्याभराने एक पोस्टकार्ड आले. काकीला लिहिता येत नसे, शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेतलेले. डबा पोचला का, आणि मुलाला आता बरे आहे का, एवढाच मजकूर. त्याला उत्तर गेले नाही. पुढच्या वर्षी डबा आला नाही. आमचे जाणे तुटले. काकी 1991 साली वारली तेव्हा आम्हाला कळले ते बाराव्याला. तोवर मी चांगला नोकरीला लागलेला, लग्न झालेला माणूस होतो. तेव्हा ना मार होता ना धुरी. आई होती, आणि तिच्यासमोर तो विषय काढायचे माझ्याच्याने झाले नाही.

आता 2013 च्या कायद्याने महाराष्ट्रात करणीच्या नावाने एखाद्याला छळणे गुन्हा आहे. पण संशयाला कायदा कळतो कुठे? 2020 च्या एप्रिलात आमच्याच पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे, चोर फिरताहेत अशा अफवांच्या दिवसांत, जमावाने दोन साधू आणि त्यांचा गाडीवान यांना ठार मारले. त्या वेळी आमच्या जिन्यावर चाललेली चर्चा मी ऐकत होतो. अडाणी लोक, असे सगळे म्हणत होते. मीही मान हलवली होती.

हे सगळे मी त्या रात्री गॅलरीत सांगितले. सौ.नी संसाराच्या इतक्या वर्षांत ते प्रथमच ऐकले. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी गावच्या शेजाऱ्यांना फोन करून किल्ली कोणाकडे आहे, याची चौकशी केली. छप्पर एका बाजूने खचले आहे, असे कळले. दिवाळीत जाऊन पाहून येऊ म्हणतात.

नात मात्र बराच वेळ कठड्याला टेकून उभी होती. मग म्हणाली, "आजोबा, कशा होत्या हो त्या नेवऱ्या?"

मला वाटले होते, विसरलो असेन.

"खोबरं जरा जास्त भाजलेलं होतं," मी म्हणालो, "आणि आत काजूचे तुकडे होते. घरच्या काजूचे."