विमान स्वतःचे की भाड्याचे?

दिवाळीच्या सुट्टीत आतेबहिणीच्या गावी जाऊन आलो. गाव खैरलांजी. नाव वाचून दचकू नका. 2006 साली ज्या खैरलांजीचे नाव देशाला कळले ते भंडारा जिल्ह्यातले. हे मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातले, धानाच्या बांध्यांनी वेढलेले.

तिकडे गेले की मला हटकून आपल्या भागाची आठवण होते. एकाच ओसरीवर मराठी, हिंदी आणि पवारी अशा तिन्ही बोली चालतात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्याच दिवशी आपले बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्यामुळे सीमेवरच्या माणसाला सीमेवरचा माणूस चटकन ओळखतो. बहिणीच्या नवऱ्याला मी दाजी म्हणतो, माझे कानडी शेजारी 'भाव' म्हणाले असते, तिथली मुले जिजाजी म्हणतात. नाते तेच.

यंदा मात्र त्या घरात थोडा ताण होता. धानाची कापणी चालू होती, पंजाबकडून आलेले भाड्याचे हार्वेस्टर गावात फिरत होते आणि भाच्याने हट्ट धरला होता की आपण स्वतःचे हार्वेस्टर घ्यायचे. त्यासाठी कर्ज काढायचे आणि वेळ पडली तर रस्त्याकडेची दोन एकर जमीन गहाण ठेवायची. दाजी गप्प होते, ताईच्या डोळ्यांत पाणी होते. जेवण झाल्यावर भाचा माझ्याकडे वळला.

"मामा, तुम्ही अर्थशास्त्र शिकवता ना? मग बाबांना सांगा. आपले सरकारसुद्धा विमानाचे भाडे भरून कंटाळले आणि शेवटी स्वतःचे विमान घ्यायला निघाले. भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा!"

"विमानवाल्यांचं अन् आपलं काय जमते जी?" दाजी एवढेच बोलले.

मला मात्र वाटले की जमते. खासगी विमान घ्यावे की भाड्याने आणावे, हा प्रश्न आपल्यापैकी कुणाला पडणार नाही, पण त्यामागचा हिशेब घराघरातला आहे. आणि भाच्याने दाखला दिला होता तोही खरा होता, फक्त अर्धा.

पूर्ण गोष्ट अशी. मध्य प्रदेश सरकारकडे किंग एअर जातीचे स्वतःचे विमान होते. मे 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ते रेमडेसिव्हिरची इंजेक्शने घेऊन ग्वाल्हेरला उतरत असताना धावपट्टीवरच्या अडथळ्याच्या जाळीवर आदळले आणि निकामी झाले. विमानाचा विमा उतरवलेला नव्हता, असे नंतर बातम्यांतून पुढे आले. मग सरकारला खासगी कंपन्यांकडून विमाने भाड्याने घ्यावी लागली. 2022 मध्ये सरकारने वैमानिकाच्या नावे 85 कोटींची मागणी काढली. त्यात विमानाचे सुमारे 60 कोटी आणि भाड्यापोटी गेलेले 25 कोटी होते. जाळी उभी असल्याचे आपल्याला कुणी कळवलेच नव्हते, असे वैमानिकाचे म्हणणे होते. पुढे 2024 मध्ये मंत्रिमंडळाने चॅलेंजर 3500 हे नवे जेट विमान घ्यायला मंजुरी दिली. त्याची किंमत सव्वादोनशे कोटींच्या वर.

भाच्याला यातले भाड्याचे 25 कोटी तेवढे दिसले. विम्याविना गेलेले 60 कोटी त्याच्या हिशेबात नव्हते. हे त्याचे एकट्याचे नाही, आपल्या सर्वांचेच होते. भाडे दरवेळी खिशातून मोजून द्यावे लागते, म्हणून ते डोळ्यांत खुपते. मालकीचा खर्च मात्र गुपचूप होत राहतो.

मी मुलांना फळ्यावर मांडून दाखवतो तसा हिशेब लग्नपत्रिकेच्या पाठीवर मांडला. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. विमान घेतले की ते उडो न उडो, काही खर्च ठरलेलाच. कर्जाचे व्याज, विमा, वैमानिकांचे पगार, विमान ठेवायच्या हँगरचे भाडे, ठरल्या मुदतीची तपासणी आणि दरवर्षी उतरणारी किंमत. हा सगळा मिळून वर्षाला 8 कोटी धरू. उडल्यावर इंधन वगैरे तासाला दीड लाख. तेच विमान भाड्याने आणले तर तासाला 4 लाख.

वर्षाला 100 तास उडायचे असेल तर भाड्याचे 4 कोटी होतात आणि स्वतःच्या विमानाचे साडेनऊ कोटी. 400 तास उडायचे असेल तर भाडे 16 कोटी आणि स्वतःचे 14 कोटी. दोन्ही बाजू 320 तासांना बरोबरीत येतात. म्हणजे 'स्वतःचे चांगले की भाड्याचे' हा प्रश्नच अपुरा आहे. 'वर्षाला किती तास?' हे आधी विचारायला हवे.

भाड्याच्या बाजूलाही खाचखळगे आहेत, ते लपवून चालणार नाही. विमान तुम्हाला सोडून रिकामे परत जाते, त्या फेरीचे पैसेही बहुधा तुमच्याकडूनच घेतात. ते दिवसभर थांबवून ठेवले तर किमान ठरावीक तासांचे भाडे पडते. आणि नेमक्या गरजेच्या दिवशी, निवडणुकीत किंवा लग्नसराईत, विमान मिळेलच असे नाही. अडीअडचणीला वस्तू दाराशी असणे याचीही किंमत असते. रोज चार जिल्हे फिरणाऱ्याला ती परवडते.

"पण मामा, मी दुसऱ्यांची शेतेही कापून देणार. मशीन रिकामे थोडेच राहील?" भाच्याचा मुद्दा बिनतोड होता. विमानवालेही तेच करतात. मात्र आपल्याकडे खासगी म्हणून नोंदवलेले विमान भाड्याने चालवता येत नाही, त्यासाठी वेगळा परवाना लागतो. तो घेतला की तुम्ही मालक उरत नाही, व्यावसायिक होता. गिऱ्हाईक शोधणे, वेळ पाळणे, उधारी वसूल करणे हे सगळे मागे लागते. आपल्या कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाने जानेवारी 2019 मध्ये स्टार एअर सुरू केली, ती व्यवसाय म्हणून. त्यामुळेच बेळगावच्या माणसाला आख्खे विमान विकत किंवा भाड्याने न घेता नुसते एका आसनाचे तिकीट काढता येते. बहुतेकांना हा तिसरा मार्गच पुरतो.

चौथाही एक आहे, तो वाटणीचा. अमेरिकेत नेटजेट्स ही कंपनी 1986 पासून एकेका विमानाचे हिस्से विकते. वॉरन बफे यांनी 1989 मध्ये कंपनीसाठी जेट घेतले तेव्हा त्याचे नावच 'असमर्थनीय' अशा अर्थाचे ठेवले होते. पुढे 1995 मध्ये ते नेटजेट्सचे गिऱ्हाईक झाले आणि 1998 मध्ये त्यांच्या उद्योगाने ती कंपनीच विकत घेतली.

आपल्या भागात 'स्वंत मने' या दोन कानडी शब्दांत आयुष्यभराची आस असते. 'बाडिगे मने' म्हणताना आवाज आपोआप खाली येतो. मालकीत मान आहे, हे मी नाकारत नाही. पण मान हा हिशेबातला वेगळा रकाना आहे. तो 'बचत' या रकान्यात लिहिला की घर फसते. आपण अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतो, शेजारच्या अक्का 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु' म्हणतात. दोन्ही भाषांना हे कळले आहे, तर आपल्याला कळायला हरकत नसावी.

भाच्याला मी घे किंवा घेऊ नको असे काही सांगितले नाही. एवढेच म्हणालो की या हंगामात भाड्याच्या हार्वेस्टरबरोबर फीर, तो दिवसाला किती तास चालतो, किती तास उभा राहतो, किती दिवस बंद पडतो, ते वहीत लिही. आणि घ्यायचेच ठरले तर पहिला खर्च विम्याचा. दाजींनी लग्नपत्रिका घडी घालून खिशात ठेवली.

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. वहीची बारा पाने भरली आहेत. पोराने शेजारच्या दोघांना विचारले आहे की तिघांत मिळून घ्यायचे का. जमिनीचे कागद सध्या कपाटातच आहेत.