नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे

‘भारत सरकार नोंदणीकृत निर्यातदार’ या शब्दांना बाजारात मोठे वजन आहे. कंपनीच्या माहितीपत्रकावर ते झळकले की द्राक्षबागायतदार माल उधारीवर देण्यास राजी होतो. सरकारने या कंपनीची पत पारखूनच तिला प्रमाणपत्र दिले असणार, अशी त्याची समजूत होते आणि ती तशी व्हावी हाच अशा जाहिरातींचा हेतू असतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. १९९२ च्या विदेश व्यापार कायद्यानुसार निर्यात करू इच्छिणाऱ्याला आयात-निर्यात सांकेतिक क्रमांक घ्यावा लागतो. पॅन, पत्ता व बँक खात्याचा तपशील देऊन ५०० रुपये भरले की तो ऑनलाइन मिळतो. त्यासाठी ना गोदाम लागते, ना अनुभव. कृषिमालाच्या निर्यातदाराला ‘अपेडा’कडेही नोंदणी करावी लागते, पण तीही १९८५ च्या कायद्याने घातलेली सक्ती आहे, गौरव नव्हे. ‘ग्रेपनेट’वरील बागांची नोंदणी कीडनाशकांच्या अंशांवर लक्ष ठेवण्यासाठी आहे, खरेदीदार पैसे देईल की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही.

कामगिरीवर आधारलेली मान्यता असते ती ‘स्टार’ दर्जाच्या निर्यातगृहांची. २०२३ च्या विदेश व्यापार धोरणात पहिल्या श्रेणीसाठी ३० लाख, तर पाचव्या श्रेणीसाठी ८० कोटी डॉलरच्या निर्यातीची अट आहे. परंतु हा दर्जाही उलाढालीचे मोजमाप आहे, शेतकऱ्याच्या पैशांची हमी नव्हे. ५०० रुपयांचा क्रमांक घेऊन या दर्जाचा आव आणणे ही तर निव्वळ दिशाभूलच होय.

प्रश्न आहे तो दाद मागण्याचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातींबद्दल १० लाखांपर्यंत दंड आहे. मात्र तो कायदा खरेदी करणाऱ्यासाठी आहे आणि शेतकरी येथे विक्रेता असतो. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळे-भाजीपाला नियमनमुक्त झाल्यानंतर बाजार समितीच्या आवाराबाहेरील व्यवहारांवर समितीचा अंकुशही उरला नाही. राहता राहिला फसवणुकीचा गुन्हा. २०२० मध्ये व्यापाऱ्यांकडे अडकलेले शेतकऱ्यांचे पैसे मिळवून देण्यासाठी नाशिक परिक्षेत्रातील पोलिसांना मोहीम हाती घ्यावी लागली, यातच व्यवस्थेचे अपयश दिसते. वसुली हे पोलिसांचे नित्याचे काम होऊ शकत नाही.

उपाय अवघड नाहीत. नोंदणीचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत ती कोणत्या कायद्याखालील आहे व तिचा क्रमांक काय, हे छापणे बंधनकारक करता येईल. उधारीवर माल उचलणाऱ्यांकडून बँक हमी घेता येईल. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर सांकेतिक क्रमांक पडताळण्याची सोय आज आहेच. पण तो खरा निघाला म्हणून व्यवहार खरा ठरत नाही. सरकारच्या नावावर उधारी मिळत असेल, तर त्या नावाचा अर्थ काय, हे बांधापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारीही सरकारचीच आहे.