गैरहजर बाईचं मत दारूला का?



दारू दुकान बंद करायचं की नाही, यासाठी आमच्या तालुक्यात झालेल्या बाटलीच्या मतदानाची बातमी या आठवड्यात तुमच्या वर्तमानपत्रात वाचली. शीर्षक काय, तर 'महिलांच्या उदासीनतेने दुकान वाचले'! कापसाची वेचणी ऐन भरात, त्यात कामाचा दिवस. मजुरी बुडवून बाया रांगेत उभ्या राहिल्या. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू; उभीपेक्षा आडव्या बाटलीवर कितीतरी जास्त शिक्के पडले. तरी दुकान उघडंच.

दोष बायांचा नाही, २००८ च्या शासन आदेशाचा आहे. पडलेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला हवीत. यादीत हजार नावं असली तर ५०१. समजा सहाशे जणी आल्या, ४९० जणींनी आडवीला मत दिलं, ११० जणींनी उभीला. तरी जिंकली उभीच. ऊसतोडीला गेलेली बाई, सासरी गेलेली लेक, नाव न कटलेली मयत म्हातारी, सगळ्यांची मतं फुकटात दुकानदाराच्या पदरात. हाच नियम आमदारकीला लावा, मग बघू विधानसभेत किती खुर्च्या भरतात ते.

बायांचा आवाज असा दाबणं नवं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या ज्या चळवळ्या लोकांना अर्पण केलं, त्यांच्यात घरोघर फिरून सह्या गोळा करणाऱ्या बायाही होत्या. बोस्टन आणि फिलाडेल्फियात त्यांनी १८३३ मध्येच स्वतःच्या संस्था काढल्या. मताचा हक्क नव्हता, अर्ज करण्याचा होता. त्या अर्जांवर चर्चाच करायची नाही, असा ठराव १८३६ मध्ये तिथल्या प्रतिनिधिगृहाने केला आणि तो १८४४ पर्यंत चालवला. आमच्याकडे अर्ज घेतात, मतही घेतात, फक्त निकाल लागू देत नाहीत.

शेजारच्या चंद्रपूरचं बघा. २०१० साली बाया दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या, तेव्हा कुठे २०१५ मध्ये बंदी आली. २०२१ मध्ये ती उठवायला मंत्रिमंडळाचा एक निर्णय पुरला. तेव्हा ५० टक्के बायांची अट कुणालाच आठवली नाही.

आणि मतदान मागणाऱ्या अर्जावरची सही खरी की खोटी, याच्या पडताळणीलाही बाईला हजर राहावं लागतं.  मतदान सुटीच्या दिवशी घ्या, आधी यादीतली मयत नावं काढा आणि निकाल पडलेल्या मतांवर लावा. तोवर 'उदासीनता' हा शब्द तुमच्या बातमीदाराने जपून वापरावा.

– एक वाचक, घाटंजी, जि. यवतमाळ