विश्लेषण : पेरोव्हस्काइट सौरपॅनल भिवंडीच्या पत्र्यावर टिकेल का?

पवईच्या आयआयटी मुंबईत सिलिकॉन आणि पेरोव्हस्काइट यांचा जोडघट प्रयोगशाळेत सुमारे ३० टक्के कार्यक्षमतेपर्यंत पोहोचला आहे. बाजारातील सिलिकॉन पॅनलची कार्यक्षमता साधारण २० ते २३ टक्के असते. म्हणजे तेवढ्याच छतावर जास्त वीज. वीजबिलाने मेटाकुटीला आलेल्या भिवंडीच्या यंत्रमागधारकांसाठी ही मोठी आशा आहे. पण खरा प्रश्न ‘किती टक्के’ हा नाही, ‘किती वर्षे’ हा आहे. त्याचे उत्तर दडले आहे आयनांच्या हालचालीत.

पेरोव्हस्काइट म्हणजे काय?

१८३९ मध्ये उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाला रशियन खनिजतज्ज्ञ लेव्ह पेरोव्हस्की यांचे नाव मिळाले. त्याच रचनेचे पदार्थ आता प्रयोगशाळेत तयार होतात. सौरघटासाठीच्या पदार्थात शिसे, आयोडीन किंवा ब्रोमीन आणि फॉर्मॅमिडिनियम किंवा सीझियमसारखा घटक असतो. जपानमधील त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने २००९ मध्ये केलेल्या पहिल्या घटाची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज एकट्या पेरोव्हस्काइटच्या घटाने २६ टक्क्यांचा टप्पा ओलांडला आहे.

सिलिकॉन वितळवायला १,४०० अंशांहून अधिक तापमान लागते. पेरोव्हस्काइटचे द्रावण मात्र काचेवर पसरून १०० ते १५० अंशांवर तापवले की थर तयार होतो. जाडी एक मायक्रॉनपेक्षाही कमी. स्वस्ताईचे रहस्य इथेच आहे आणि दुखणेही इथेच.

आयन जागा का सोडतात?

इतक्या झटपट तयार झालेल्या स्फटिकात काही जागा रिकाम्या राहतात. कापडात उभा धागा तुटला तर तो दोष आहे तिथेच राहतो. पेरोव्हस्काइटमधला दोष मात्र फिरतो. भरलेल्या सभागृहात एक खुर्ची रिकामी झाली की शेजारचा तिथे सरकतो, मग त्याची जागा रिकामी होते. आयोडीनचे आयन असेच रिकाम्या जागेत उडी मारत पुढे जातात. प्रकाश आणि विद्युतदाब त्यांना ढकलतात, उष्णता त्यांचा वेग वाढवते.

त्याने बिघडते काय?

तीन गोष्टी. पहिली, आयन एका बाजूला साचले की घटातील विद्युतक्षेत्र बदलते. त्यामुळे विद्युतदाब वाढवत मोजले तर एक कार्यक्षमता दिसते आणि कमी करत मोजले तर दुसरी. दुसरी, आयोडीन-ब्रोमीनचे मिश्रण प्रकाशात फाटते आणि आयोडीनचे प्रमाण जास्त असलेले पुंजके तयार होतात. अंधारात ते बऱ्याच अंशी पुन्हा मिसळते. तिसरी आणि सर्वांत वाईट, आयोडीन चांदीच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचून चांदीलाच गंजवते. हे नुकसान रात्रीच्या विश्रांतीने भरून निघत नाही.

भिवंडीची परीक्षा अवघड का?

उन्हाळ्यात पत्र्याच्या छतावरील पॅनल ६० अंशांच्या पुढे तापते. त्यानंतर चार महिने दमट हवा आणि पाऊस. बाष्प आत शिरले की स्फटिक विरघळू लागतो आणि शिसे बाहेर पडण्याचा धोका असतो.

पॅनलसाठी आंतरराष्ट्रीय मानकात ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तासांची चाचणी आहे. म्हणजे सुमारे ४२ दिवस. ती सिलिकॉन पॅनल डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे आणि अंधारात होते. आयनांना पळवणारा प्रकाश तिथे नसतोच. त्यामुळे ‘चाचणी उत्तीर्ण’ एवढ्या शिक्क्यावर पेरोव्हस्काइट पॅनल विकणे ग्राहकाच्या हिताचे नाही.

उपाय आहेत का?

आहेत. रिकाम्या जागा भरणारी रसायने वापरली जातात. मिथिलअमोनियमसारख्या अस्थिर घटकाऐवजी फॉर्मॅमिडिनियम-सीझियमचे मिश्रण घेतात. आयनांना अडवणारे पातळ थर आणि बाष्प रोखणारे काच-सीलही सुधारत आहेत. २०१० मध्ये आयआयटी मुंबईत सुरू झालेल्या राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन व शिक्षण केंद्रात जोडघटांवर काम सुरू आहे, तिथूनच उभी राहिलेली एआरटी-पीव्ही इंडिया ही नवउद्यमी कंपनी ते बाजारात आणू पाहते आहे.

मग करायचे काय?

यंत्रमागधारकाने आज पेरोव्हस्काइटची वाट पाहत थांबू नये. २५ वर्षांच्या हमीचे सिलिकॉन पॅनल उपलब्ध आहे. कर्ज काढून घेतलेले पॅनल कर्ज फिटण्याआधी मान टाकत असेल, तर ३० टक्क्यांचा आकडा काय कामाचा?

सरकारने मात्र थांबू नये. वीजवितरण फ्रँचायझीचा देशातील पहिला मोठा प्रयोग २००७ मध्ये भिवंडीतच सुरू झाला होता. आता इथल्याच काही गोदामांच्या आणि कारखान्यांच्या छतांवर पेरोव्हस्काइट पॅनल किमान दोन पावसाळे ठेवावेत. दर महिन्याची वीजनिर्मिती, पॅनलचे तापमान आणि कार्यक्षमतेतील घट जाहीर करावी. खराब पॅनल परत घेऊन शिशाची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकावी. अनुदानाचा विचार त्यानंतर.

पवई ते भिवंडी हे अंतर तासा-दोन तासांचे. प्रयोगशाळेतील विक्रम तेवढे अंतर कापून पत्र्यावर टिकला, तरच तो यंत्रमागाच्या उपयोगाचा.